चांगलं पान पाहुण्याला

...नाही, पण मला तुम्ही एक सांगा, पानावरचा रोग केळ्यात उतरतो का? आणि केळ्यात उतरला तर केळं खाणाऱ्या पोरीच्या पोटात उतरतो का? हसू नका! तुम्हाला आत्ता हसू येतंय, कारण तुम्ही इथं पंख्याखाली बसून ऐकताय. मी मात्र रात्र रात्र आढ्याकडे बघत हाच एक विचार करत पडले होते, आणि शेजारी आमचे हे असे घोरत होते, असे घोरत होते, की मला वाटलं, या माणसाला केळ, पोर, बायको, कशाचीच म्हणून काळजी नाही. आणि मग माझं मलाच वाईट वाटलं. म्हटलं, घोरू दे बाई, दिवसभर कारखान्यात मान मोडून लिहितो, तो झोपतो म्हणून उद्या उठतो, उठतो म्हणून चूल पेटते... उपकारच म्हणायचे! घोरण्याचे सुद्धा!

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर म्हणाल, ही बाई केळीवरून निघाली आणि नवऱ्याच्या घोरण्यात पडली.

आमची चाळ अंबरनाथला, पश्चिमेला. एका रांगेत खोल्या, आणि मागच्या बाजूनं सगळ्यांच्या मोऱ्यांचा एकच चर. आमची खोली पार टोकाची. म्हणजे काय, तर साऱ्या चाळीच्या आंघोळी, साऱ्या चाळीची खरकटी, साऱ्या चाळीचं तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं वाहत वाहत येऊन थांबणार कुठं? आमच्या परसात! लग्न होऊन आले तेव्हा मी पदर नाकाला लावून आईला पत्र लिहिलं होतं, की मला उकिरड्यावर दिलंत. आणि त्याच चिखलात ह्यांनी बदलापुराहून कुणाच्या तरी वाडीतून केळीचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, आणून खोचला, आणि तुम्हाला सांगते, काय फोफावली ती केळ! छपरापर्यंत गेली. पानं अशी, की उन्हाळ्यात खाली बाज टाकावी. तेव्हा मग मला कळलं, की ज्या मोऱ्यांना मी नाक मुरडलं, त्यांचेच... उपकारच म्हणायचे!

आता कुंदाचं ऐका. कुंदा म्हणजे आमची मुलगी. तिला डांग्या खोकला झाला. आता ज्याच्या घरात डांग्या खोकला होऊन गेलाय त्याला मी काय सांगू, आणि ज्याच्या घरात झाला नाही त्याला तरी काय सांगू! पोर खोकता खोकता निळी पडायची, आणि मी पांढरी. खोकला गेला एकदाचा, पण जाताना पोरीची भूक बरोबर घेऊन गेला. हातापायाच्या काड्या. डॉक्टर म्हणाले, "आता औषध बंद. आता हिला फक्त खायला घाला." फक्त! जसं काही मी इतके दिवस पोरीच्या तोंडासमोर घास धरून स्वतःच खात होते! चिऊचा घास झाला, काऊचा घास झाला, हत्तीचा झाला, मोटारीचा झाला, ह्यांच्या साहेबाचासुद्धा घास करून झाला, पण कुंदाबाईंनी जे दात आवळले, ते आवळले. थोडं दूध घ्यायची, पेजेचे चार घोट गोष्ट सांगता सांगता घशाखाली जायचे. जगत होती म्हणा, पण जेवत नव्हती.

आणि मग मी शहाणपणा केला. शिकलेली ना मी! मॅट्रिक! केळ नुकतीच व्यायली होती, ते जांभळं केळफूल बाहेर येऊन मान खाली घालायला लागलं होतं. कुंदाला खिडकीत उभी केली आणि म्हटलं, "ते बघ, आपल्या झाडाला केळी येणार! ती पिकली की कुंदाताई गपागपा केळं खाणार आणि त्याच्यावर वरणभात जेवणार. हो की नाही?"

आणि पोर म्हणाली, "हो."

तुम्हाला सांगते, किती तरी दिवसांनी त्या पोरीनं जेवणाच्या बाबतीत 'हो' म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच धावत जाऊन भात कालवून आणला. तर म्हणते, "आत्ता नाही. केळं पिकल्यावर."

झालं! स्वतःच्या हातानं स्वतःला टांगून घेतलं मी. त्या दिवसापासून ताट पुढं आलं की, "पिकलं?" "नाही गं राणी, अजून वेळ आहे." "मग नको." ह्यांनी बाजारातून छान पिवळीधमक वसईची केळी आणली. मी म्हटलं, "हे घे, पिकलं बरं का आपलं!" ती खिडकीशी गेली, गज धरून टाचा उंचावल्या, घडाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं माझ्या सासूबाई माझ्या पोळ्यांकडे बघतात. ती केळी मग आम्ही दोघांनी खाल्ली. मुकाट्यानं.

तर असं माझ्या पोरीचं जेवण त्या झाडाला लटकलेलं, आणि नेमकं तेव्हाच पानांवर ठिपके!

आधी वाटलं, हळद सांडली असेल. नखानं ओढावी तशी बारीक पिवळी रेघ. मग ती रेघ तपकिरी झाली, मग तिच्या मधे राखेसारखा डाग, मग डागाला डाग मिळाला, आणि खालच्या पानांच्या कडा तर अशा करपल्या, जशी काही कुणी ती पानं शेगडीवर शेकून परत झाडाला लावलीत. मी रोज सकाळी उठून आधी कुंदाचं कपाळ बघायची आणि मग केळीची पानं. दोन्हीकडे हात लावून. मला सांगा, केळीच्या पानाला ताप आहे का हे हात लावून बघणारी बाई मॅट्रिक झाली कशी?

ह्यांना म्हटलं, "अहो, केळीला काहीतरी झालंय." ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "पानं जुनी झाली की वाळतात." शेजारच्या वेणूबाई आल्या, कमरेवर हात ठेवून वरपासून खालपर्यंत केळ बघितली आणि म्हणाल्या, "सुनंदा, दृष्ट लागली गं! एवढी उघड्यावर ठेवतात का केळ? दिसते ती रस्त्यावरून!" जसं काही मी तिला आत ये म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती! संध्याकाळी त्यांनी स्वतः येऊन केळीला बिब्बा आणि मिरच्या बांधल्या. कोणी म्हणालं, राख टाका. कोणी म्हणालं, ताक ओता. कोणी म्हणालं, ह्या झाडाची केळी लेकराला देऊ नका हो, रोगट झाडाचं फळ अंगावर उमटतं, अमक्याच्या मुलाच्या अंगावर असेच चट्टे आले होते. बस्स! त्या दिवसापासून माझी झोप गेली. पिकलं नाही तर पोर जेवायची नाही, आणि पिकलं तर पोरीला द्यायचं की नाही?

अख्ख्या अंबरनाथात एकच बाई भेटली जिनं सल्ला दिला नाही. ईश्वरीबाई, सिंधमधून आलेल्या. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून पापड घेऊन यायच्या, आमच्या पायरीवर टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि पहिलं विचारायच्या, "बेटी ने कुछ खाया?" त्यांना मी केळ दाखवली, म्हटलं, देखो ना, ये पान कू क्या हुआ? माझं हिंदी असं, तुम्ही समजून घ्या. त्यांनी पान हातात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाल्या, "मुझे क्या मालूम, बेटी! हमारे उधर तो खजूर थी. केला तो मैंने इधर आके देखा." मला मालूम नाही! अहो, किती बरं वाटलं सांगू! सगळ्यांना सगळं माहीत असलेल्या चाळीत कुणीतरी 'मला माहीत नाही' म्हणालं! जाताना कुंदाच्या हातात एक पापड देऊन गेल्या, आणि कुंदानं तो कडेकडेनं उंदरासारखा कुरतडला. अर्धा! उपकारच म्हणायचे!

आता खरी गंमत ऐका. म्हणजे गंमत आत्ता वाटते.

केळीची पानं म्हणजे चाळीचं वैभव. एकट्या आमच्याच परसात केळ. त्यामुळे चाळीत कुठंही काही असलं, की आधी आमचं दार वाजणार. "सुनंदा, सत्यनारायण आहे गं, पानं हवीत." "वहिनी, पोराचं उष्टावण आहे." "अहो, सुनेचं डोहाळजेवण आहे, चार सवाष्णी येणार, पत्रावळीवर कसं वाढू?" आणि मी नाही कशी म्हणणार? डांग्या खोकल्यात ह्याच वेणूबाई अडुळशाचा रस काढून आणत होत्या, ह्याच बायका आळीपाळीनं कुंदाला खांद्यावर घेऊन फिरवत होत्या, मी उभ्या उभ्या भिंतीला टेकून डुलकी काढायची तेव्हा माझ्या चुलीवर भात कोण टाकत होतं? तर ह्याच. मग दोन पानांना नाही म्हणायचं? इतकी का मी कृतघ्न आहे? विळी घेऊन मीच जायची मागे.

आणि पान द्यायचं तर कसलं द्यायचं? फाटकं चालत नाही. टोक मोडलेलं चालत नाही. ठिपका असलेलं तर मुळीच नाही, शुभकार्यात डागाळलेलं पान कोण मांडणार? मला आईनं लहानपणापासून शिकवलंय, चांगलं पाहुण्याला, करपलेलं आपल्याला. घरात पहिली पोळी फसते ना, ती मी खाते. दुधाच्या तळाचं लागलेलं मी खाते. तुम्हीही खाता, मला माहीत आहे, मान डोलावू नका. तर तेच शिक्षण मी केळीला लावलं! निवडून निवडून हिरवं, कोरं, अखंड पान कापायचं, धुवायचं, पुसायचं, हसत हसत द्यायचं... आणि करपलेली सगळी झाडावर ठेवायची. घरच्यासाठी!

पण हे तेव्हा कुठं कळत होतं? तेव्हा मला आपलं वाटायचं, केळ्यांना काय त्याचं? आपण पानं घेतोय, केळी तर घेत नाही!

मग आले गुरुदत्त भावोजी. ह्यांचे मामेभाऊ. पुण्याला शिकून शेतकी खात्यात लागलेले. ह्यांनी सांगितलं, "रविवारी गुरुदत्त येतोय, त्याला विचार तुझ्या केळीचं." माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. म्हटलं, ज्यांच्याकडून आपल्याला पोरीच्या जिवाचं विचारायचं, त्यांना ताटात कसं वाढायचं? सकाळी उठून मागे गेले. झाडावर एकच कोरं पान उरलं होतं, अगदी वरचं, पोपटी, उन्हात असं काचेसारखं चमकत होतं. स्टूल घेतलं, स्टुलावर पाट घेतला आणि उतरवलं खाली.

भावोजी जेवायला बसले. पाठमोरे नाहीत हं, मागच्या दाराकडे तोंड करून, म्हणजे समोर केळ. वरणभात झाला, अळूची भाजी झाली, वाटली डाळ झाली, तिखट आहे म्हणत तीनदा घेतली. आणि मग मान वर करून म्हणतात, "वहिनी, केळ जोमदार आहे हो! घडही मोठा. पण... पानं कुठायत?"

मी म्हटलं, "आहेत ना, खाली आहेत."

"ती करपलेली. चांगली कुठायत?"

आता काय सांगू? मी म्हटलं, "एक... एक तुमच्यापुढंच आहे, भावोजी."

त्यांनी खाली बघितलं. वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. घास हातातच. आणि मग तुम्हाला सांगते, आमटीचा ओघळ अडवत अडवत त्यांनी त्या पानावर बसूनच मला पानांचं महत्त्व सांगितलं! "वहिनी, केळ एकदा व्यायली, की तिला नवं पान येत नाही. त्या दिवशी अंगावर जेवढी पानं, तेवढ्यांनीच सगळा घड पोसायचा. हा करपा आहे, बुरशी आहे. ह्यानं पान मारलं, की तेवढा भाग केळीला नसल्यासारखाच. बरं, ठिपके आले ती निम्मीशिम्मी, आणि धड होती ती..." इथं त्यांनी पानावरचा भात जरा बाजूला सारला, जसं काही खाली कुणी झोपलंय, "...धड होती ती ही अशी. भाजी वाढा थोडी."

मी भाजी वाढली. "मग केळ्याचं काय होतं, भावोजी?"

"बारीक राहतं. चांगलं केळं कसं गोल भरतं, ह्याच्या धारा जात नाहीत, बोटाला कडा लागतात. आणि गंमत अशी, की भरलेलं नसतं तरी पिकायची घाई करतं. झाडावरच पिवळं पडतं, नाहीतर उतरवल्याबरोबर. गर मऊ होतो, कधी आंबूस लागतो, आणि टिकत तर मुळीच नाही. म्हणून व्यापारी असला घड उचलत नाहीत, बाजारात पोचेस्तोवर काळा पडतो."

मी धीर करून विचारलं, "आणि त्या केळ्यातून तो रोग... पोरीला?"

भावोजी हसले नाहीत. हे मोठे उपकार! हे हसले, ह्यांचं सोडा. भावोजी म्हणाले, "नाही वहिनी. पानाची बुरशी माणसाला काही करत नाही. फळ विषारी होत नाही. ते फक्त उपाशी राहतं."

उपाशी राहतं...

दारात कुंदा उभी होती. तिच्या परकराचा नाडा दुहेरी बांधला तरी घसरत होता.

आणि मला तेव्हा शाळा आठवली. तुम्हाला सांगते, शास्त्राच्या तासाला आम्ही घोकलं होतं, 'पानं ही झाडाचं स्वयंपाकघर होत'. परीक्षेला आलं होतं, आकृतीसकट काढलं होतं, बाईंनी वर्गाला दाखवलं होतं! आणि ही वर्गाला दाखवलेली मुलगी मोठी होऊन काय करते, तर झाडाचं स्वयंपाकघर कापते आणि त्यावर लोकांना जेवायला वाढते!

भावोजींनी मठ्ठा घेतला, पान आपल्याकडे दुमडलं आणि उठता उठता म्हणाले, "पान मात्र सुरेख होतं हो, वहिनी. एक ठिपका नव्हता."

पण माणूस मोठा चांगला. हात धुतले आणि धोतर खोचून सरळ चिखलात. करपून गेलेली पानं काढली, लांब नेऊन जाळायला सांगितली. ज्यांचा थोडा भाग हिरवा होता त्यांचा फक्त मेलेला भाग कापला. आणि मग म्हणाले, "केळफूल काढा, आणि खालच्या बारक्या फण्याही काढा. आहे तेवढ्या पानांत सगळी पोटं भरायची नाहीत. थोडी ठेवा, तेवढी तरी धड होतील."

हे मला जमेना. मी म्हटलं, भावोजी, असं कसं, ही पण त्याच घडाची ना? ते म्हणाले, "वहिनी, वाटून वाटून सगळ्यांनाच उपाशी ठेवायचंय का?" मग ह्यांनीच कोयता घेतला. मी आत जाऊन डोळे मिटून बसले, आणि बाहेर कुंदानं जे भोकाड पसरलं, "माझी केळी कापली, माझी केळी कापली," की साऱ्या चाळीला वाटलं, आम्ही पोरीलाच कापतोय. सगळ्या धावत आल्या. आल्या त्या केळफूल आणि कच्ची केळी घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी भाज्या होऊन परत आल्या. वाटीत घालून. फोडणीसकट. आता ह्यांना काय म्हणायचं? उपकारच म्हणायचे!

भावोजींनी सांगून ठेवलं होतं, मोरचूद आणि चुना कालवून उरलेल्या पानांवर मारा. मारा, पण कशानं मारा? आमच्याकडे काय पंप आहे? ह्यांनी माळ्यावरून होळीची पितळी पिचकारी काढली. फडक्यातून गाळलेलं ते निळं पाणी भरलं, नेम धरला, आणि पहिली चिळकांडी थेट वेणूबाईंच्या यजमानांच्या धोतरावर! दोरीवर वाळत होतं बिचारं, पांढरंशुभ्र. मी म्हटलं, संपलं. आता दृष्ट काढणाऱ्याच वेणूबाई दृष्ट लावणार. त्या बाहेर आल्या, धोतर बघितलं, केळ बघितली, ह्यांना बघितलं, हे पिचकारी पाठीमागं लपवून उभे, जसं काही वय वर्षं पाच. आणि वेणूबाई ह्यांना म्हणाल्या, "विष्णुपंत, नीळ द्यायचीच होती मला. पण सगळीकडून सारखी तरी द्यायची!"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पानांचं, घडाचं, भावोजींचं. त्या ऐकत राहिल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि वेणूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत तर आमच्या चाळीत लोक डॉक्टरला बोलावतात! मग म्हणाल्या, "माझ्याच घरात जास्त गेली गं." एवढंच. आणि चाळीच्या मधोमध उभ्या राहून असा आवाज लावला, "आजपासून सुनंदाच्या केळीला कुणी विळी लावली तर माझ्याशी गाठ आहे! जेवणं आहेत ना कुणाकडे? पत्रावळी आणा! आणि सत्यनारायणाला पान हवं असेल तर त्यालाच मागा, तो देईल!"

तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. तांदूळ धुतलेलं पाणी मोरीतून तसंही आमच्याकडेच येतं ना? पण नाही! बायका पातेली हातात घेऊन, चाळ ओलांडून, जपून जपून येणार आणि केळीच्या बुंध्याशी ओतणार. ओतता ओतता वर बघणार आणि म्हणणार, "भरतंय का गं?" जशी काही माझी एकटीची नव्हे, सगळ्या चाळीची पोर उपाशी होती. मी दारात उभी. उपकारच म्हणायचे... हे मी आत्ता हसत म्हणते, तेव्हा तेवढंही म्हणता आलं नाही मला.

भरली का केळी? भरली, पण भावोजी म्हणाले होते तशीच. बारीक. बोट फिरवलं तर कडा लागायच्या. आणि एक दिवस सकाळी बघते तर वरची फणी पिवळी! काल हिरवी होती हो! एवढीशी केळी, अंगात मांस नाही, आणि पिकायला निघाली! भावोजींनी बजावलं होतं, पिवळं दिसलं की थांबू नका. ह्यांनी त्या दिवशी कारखान्यात उशिरा जायची चिठ्ठी पाठवली, घड उतरवला, स्वयंपाकघरात आकड्याला टांगला आणि वर पोतं घातलं. चांगला घड कसा मानानं पिकतो, आज ही फणी, चार दिवसांनी ती फणी, घरात आठवडाभर वास. हा घड म्हणजे शाळा सुटली! दुसऱ्या दिवशी पोतं काढते तर सगळीच्या सगळी पिवळी, काहींची सालं काळी पडायला लागलेली. आणि ठेवून चालणार नाही, उद्या सगळ्याचा लगदा होणार. मग काय, ताटात घातली आणि निघाले चाळीत. दारोदार. म्हटलं, "बारीक आहेत हो, गोडीही बेताची, पण आजच्या आज खा."

कुणी नाक मुरडलं नाही. वेणूबाईंनी केळं देवापुढं ठेवलं आणि मग खाल्लं, सालीला लागलेलं सुद्धा चाटलं. ईश्वरीबाई पापड घेऊन आल्या होत्या, त्यांना एक फणी दिली. त्या आधी नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, अपने झाड का है. त्यांनी ती फणी कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "अपने पेड़ का है तो ना नहीं बोलूँगी." मग पदरात बांधली, गाठ मारली, आणि परत एकदा सोडून बघितली, आहे ना म्हणून.

आता राहिली कुंदा.

पाटावर बसवली. दारात सगळ्या जमलेल्या, खिडकीत मुलं चढलेली, हे एका कोपऱ्यात उगाच चष्मा पुसतायत. मी त्यातल्या त्यात बरं केळं निवडलं. आधी स्वतः टोक खाऊन बघितलं. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मऊ होतं, जरा आंबूस लागत होतं. वसईच्या केळ्याची सर नाही. म्हटलं, एवढे दिवस ज्याची वाट बघितली ते असं निघालं तर ही पोर आयुष्यात कधी कशावर विश्वास ठेवेल का? साल सोलली. तिच्या हातात दिलं.

तिनं वास घेतला. एक घास घेतला. चावला... गिळला. कुणाच्या घरी दूध उतू जातंय त्याचा वास येतोय, पण कुणी हलत नाही. दुसरा घास. तिसरा. आणि सबंध केळं खाऊन तिनं हात पुढं केला. "अजून."

मी दुसरं दिलं, तेही गेलं! अहो, दारातल्या बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या, ह्यांनी चष्मा पुसून पुसून काच पातळ केली, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना हात जोडले, त्या उरलेल्या चार पानांना, भावोजींना, पिचकारीला, मोऱ्यांना, खोकला नेणाऱ्या देवाला...

आणि तशीच उठले. वरणभात तयारच होता, मऊ, गरम, वर तूप. ठरलेलं ना आमचं, केळं पिकलं की वरणभात! कालवला, छोटासा घास केला, फुंकर घातली आणि तिच्या तोंडापाशी नेला. कुंदानं घासाकडे बघितलं. मग ताटाकडे बघितलं. मग खिडकीतून मागे परसात बघितलं, बराच वेळ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तोंड उघडलं! माझी पोर, तोंड उघडलं तिनं! वेणूबाई म्हणाल्या, "घाल गं, घाल पटकन!"

पण ते उघडलं होतं बोलायला. म्हणाली,

"आई, हा भात कुठल्या झाडाचा?"